इच्छाशक्ती मोजायची कशी?

"डॉक्टर, सोडायची तर आहे, पण मनच होत नाही." तंबाखूच्या बाबतीत हे वाक्य आमच्या दवाखान्यात आठवड्यातून चार-पाच वेळा तरी कानावर पडते. पाठोपाठ, सोबत आलेल्या पत्नीचे किंवा मुलाचे वाक्य ठरलेले असते. "यांना इच्छाशक्तीच नाही हो. तुम्हीच जरा खडसावून सांगा." ताप आला तर थर्मामीटर लावता येतो, रक्तदाबाला यंत्र आहे, साखरेसाठी बोटातून थेंबभर रक्त काढले की आकडा समोर येतो. पण "मन होत नाही" म्हणजे नेमके किती होत नाही, हे कोणी मोजत नाही. न मोजताच आपण निकाल देऊन मोकळे होतो, की हा माणूस कच्च्या मनाचा आहे.

आज हे मोजमाप कसे करायचे ते पाहू. त्याला यंत्र लागत नाही, फी लागत नाही आणि ते घरच्या घरी करता येते. उदाहरण तंबाखूचे घेतले आहे, कारण आपल्या भागात सर्वांत जास्त वेळा केलेला आणि सर्वांत जास्त वेळा मोडलेला संकल्प बहुधा हाच असावा. मात्र वजन उतरवणे, रोज फिरायला जाणे, मधुमेहींनी गोड सोडणे, फार काय, दहावीतल्या मुलाने पहाटे उठून अभ्यासाला बसणे, यांनाही हीच मापे लागू पडतात.

माहिती भरपूर आहे

प्रथम एक गैरसमज दूर करू. लोकांना तंबाखूचे दुष्परिणाम ठाऊक नाहीत, ते समजावून सांगितले की लोक सोडतील, अशी आपली समजूत असते. देशभरात २०१६-१७ साली प्रौढांच्या तंबाखू सेवनाची मोठी पाहणी झाली. तीत खाण्याच्या तंबाखूने गंभीर आजार होतात असे मानणारे प्रौढ सुमारे ९६ टक्के निघाले. म्हणजे शंभरातल्या चौघांना सोडून बाकी सर्वांना धोका माहीत आहे. तरीही त्याच पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. पुरुषांत हे प्रमाण ३५.५ टक्के आणि स्त्रियांत १७ टक्के. स्त्रियांचा आकडा वाचून कुणाच्या भुवया उंचावल्या असतील, तर त्यांनी आपल्याच घरातील मशेरीच्या डबीची आठवण करावी. ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे, लावणारे आपल्याकडे कितीतरी जास्त. गुटख्यावर तर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते हे वाचकांना मी सांगायला नको.

याच पाहणीतला दुसरा एक आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. देशातील तंबाखू खाणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक, नेमके सांगायचे तर ४९.६ टक्के, तंबाखू सोडण्याचा विचार किंवा बेत करीत होते. तेव्हा निम्म्यांच्या मनात इच्छेचे बी आहे. ते उगवत का नाही, हा खरा प्रश्न.

इच्छाशक्ती हा शब्द आपण असा वापरतो की जणू ती उंचीसारखी किंवा रंगासारखी जन्मजात असते. एखाद्याला मिळाली, एखाद्याला नाही. मला हे पटत नाही. दर आषाढीला आळंदीहून पंढरपूरपर्यंत, ऊन-पाऊस न बघता सुमारे अडीचशे किलोमीटर पायी जाणारे माझे रुग्ण आहेत. त्यांतल्या काहींना तंबाखूचा बार दोन तास लांबवता येत नाही. हरतालिकेला पाण्याचा थेंब न घेणाऱ्या बाया सकाळची मशेरी चुकवू शकत नाहीत. या माणसांना इच्छाशक्ती नाही असे कोण म्हणेल? ती आहे, पण या कामाकडे वळलेली नाही. का वळलेली नाही हे शोधायचे, तर "इच्छा" या एका गाठोड्यात बांधलेल्या निरनिराळ्या गोष्टी सोडवून वेगळ्या मोजाव्या लागतात.

दोन प्रश्न, दोन आकडे

विल्यम मिलर हे अमेरिकेतील आणि स्टीफन रोलनिक हे वेल्समधील मानसशास्त्रज्ञ. दारू सुटावी म्हणून येणाऱ्या माणसांशी कसे बोलावे, यावर दोघांनी १९९१ साली एक पुस्तक लिहिले. त्यात मांडलेल्या पद्धतीने बोलण्याचे शिक्षण आज अनेक देशांत डॉक्टरांना आणि परिचारिकांना दिले जाते. या पद्धतीतले एक साधे साधन मी बरीच वर्षे दवाखान्यात वापरतो. दोनच प्रश्न विचारायचे आणि शून्य ते दहा यांपैकी एक आकडा मागायचा.

पहिला प्रश्न असा : "तंबाखू सोडणे तुम्हाला स्वतःला किती महत्त्वाचे वाटते? मुळीच नाही म्हणजे शून्य, याहून महत्त्वाचे काहीच नाही म्हणजे दहा." दुसरा : "आजपासून सोडायचे ठरवले, तर जमेल असा भरवसा किती वाटतो? दहापैकी किती मार्क द्याल?"

पहिल्या आकड्याला आपण "गरज" म्हणू, दुसऱ्याला "भरवसा". लोकांना वाटते दोन्ही आकडे जोडीने वर-खाली होत असतील. तसे मुळीच नसते.

एक एस.टी. कंडक्टर माझ्याकडे येत असत. वय पंचेचाळीसच्या आसपास, दिवसाला तंबाखूच्या चार पुड्या. त्यांच्या थोरल्या भावाच्या जबड्याचे ऑपरेशन मुंबईला झाले होते आणि भावाला पातळ भरवावे लागते हे ते रोज घरात बघत होते. त्यांनी गरजेला नऊ मार्क दिले. भरवशाला दोन. "साहेब, तीनदा सोडली. एकदा चार दिवस, एकदा आठ दिवस, एकदा महिनाभर. आपल्याच्यानं होत नाही हे कळून चुकलंय."

त्याच सुमारास एक किराणा दुकानदार आले होते. त्यांनी गरजेला तीन मार्क दिले आणि भरवशाला नऊ. "त्यात काय आहे? मनात आणलं तर उद्या सोडीन. पण काय त्रास आहे मला?"

आता या दोघांना एकच व्याख्यान देऊन काय उपयोग? कंडक्टरांना कॅन्सरची चित्रे दाखवली तर ते आणखी घाबरतील, आणि घाबरलेला माणूस पहिल्यांदा हात घालतो तो तंबाखूच्याच पुडीत. त्यांना भीती पुरेशी आहे, कमी आहे ती रीत आणि आधार. उलट दुकानदारांना सोडण्याच्या दहा युक्त्या शिकवल्या तरी वाया, कारण त्यांना कुठे जायचेच नाही. बहुतेक घरांत जे भांडण होते त्याचे मूळ इथे आहे. ज्याचा भरवसा कमी आहे त्याला आपण गरज पटवत बसतो.

आणखी दोन जोड्या उरतात. दोन्ही आकडे सहा-सातच्या वर असतील, तर उपदेश बंद करून तारीख ठरवावी. अशा माणसाशी जास्त बोलले की त्याचा उत्साह बोलण्यातच खर्च होतो. दोन्ही आकडे दोन-तीनच्या खाली असतील, तर आज काहीही न सांगता एवढेच म्हणावे, की "ठीक आहे, मी पुढच्या वेळी पुन्हा विचारीन." आणि खरोखर विचारावे.

"चारच का, एक का नाही?"

आकडा मिळाल्यावर पुढे काय विचारायचे, यात खरी खुबी आहे. समजा नवऱ्याने गरजेला चार मार्क दिले. बायको साहजिकच म्हणणार, "चारच? दहा का नाही?" असे विचारले की तो माणूस आपली बाजू मांडू लागतो. शेतात इतर करमणूक काय आहे, माझे आजोबा नव्वद वर्षे जगले, त्याशिवाय काम उरकत नाही, वगैरे. जितका वेळ तो हे बोलतो तितका तो स्वतःलाच न सोडण्याचे पटवून देत असतो.

त्याऐवजी उलटे विचारून बघा. "चार दिलेत, म्हणजे थोडेतरी महत्त्वाचे वाटते. शून्य किंवा एक का नाही दिला?" मग बोलणे वेगळ्या वाटेने जाते. त्या दुकानदारांना मी हेच विचारले. ते जरा थांबले आणि म्हणाले, "नातू जवळ येत नाही. वास येतो म्हणतो." मग आणखी थोडे थांबून, "आणि तिखट लागेनासं झालंय, म्हणजे तोंडात आग होते." आग होते हे त्यांनी तोपर्यंत मला सांगितलेच नव्हते. कारण त्यांचे, शब्दही त्यांचेच. माणसाला दुसऱ्याचे म्हणणे खोडून काढण्याची जशी हौस असते, तसा स्वतःच्या तोंडून निघालेल्या शब्दाचा मान ठेवण्याचाही स्वभाव असतो. या पद्धतीचा सगळा डोलारा याच स्वभावावर उभा आहे.

भरवशाचेही तसेच. कंडक्टरांना विचारले, "दोन का, शून्य का नाही?" ते म्हणाले, "एक महिना तरी राहिलो होतो ना." मग त्या एका महिन्याची चौकशी केली. तेव्हा ते रजेवर गावी होते, ड्यूटी नव्हती, डेपोतली मंडळी भोवती नव्हती. चौथ्या आठवड्यात कामावर रुजू झाले आणि त्याच संध्याकाळी कोणीतरी मळलेली तंबाखू पुढे केली. म्हणजे ज्याला ते स्वतःचा नाकर्तेपणा समजत होते, ती डेपोतल्या बाकड्यावरची पंधरा मिनिटे होती. यानंतर दुसरा प्रश्न असा, की "दोनाचे चार व्हायला काय लागेल?" दहा करायचेच नाहीत, चार करायचे. त्यांनी स्वतःच सांगितले, की गाडी लागल्यावर बाकड्याकडे न जाता कँटीनच्या मागे नळावर तोंड धुवायला जाता येईल.

एवढ्याने त्यांची तंबाखू सुटली का, असे वाचक विचारतील. तेव्हा सुटली नाही. चार पुड्यांवरून एकीवर आले, पाच महिन्यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि त्यानंतर सुटली. मधल्या काळात त्यांचा भरवशाचा आकडा मी दर खेपेला कागदावर लिहून ठेवीत होतो. दोन, चार, पाच, तीन, सहा, असा तो हलत होता.

कारण कोणाचे?

आकड्याइतकेच आकड्यामागचे कारण कोणाचे आहे हे बघावे लागते. "बायको म्हणते म्हणून", "साहेब रागावतात म्हणून", "तुम्ही सांगितलं म्हणून" ही कारणे उसनी असतात. सांगणारा समोर आहे तोवर ती चालतात. पाडव्याला मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मला म्हणूनच धोक्याची वाटते. ती मोडली की माणूस तंबाखू सोडत नाही, लपवून खायला लागतो. गोठ्यात, मोटारसायकलच्या डिकीत, विजेच्या मीटरच्या पेटीत ठेवलेल्या पुड्या घरच्यांना सापडतात. मग घरात तंबाखूचा विषय मागे पडतो आणि खोटेपणाचा पुढे येतो.

याउलट आपल्याकडे तुळशीची माळ घालण्याची रीत बघा. माळ घातलेला माणूस दारू आणि मांसाहार सोडतो आणि पुष्कळजण ते शेवटपर्यंत पाळतात. बारकाईने पाहिले तर त्यात सगळी मापे बसतात. निर्णय स्वतःचा, तोही आपल्या सवडीने घेतलेला. सोबत बदलते, कारण संध्याकाळ भजनात जाते. गळ्यातली खूण सगळ्या गावाला दिसते, त्यामुळे कोणी आग्रह करीत नाही. आणि रोज काय करायचे ते ठरलेले असते, नुसते काय करायचे नाही एवढेच नव्हे. (माळकऱ्यांच्या कनवटीला तंबाखूची पिशवी असते, हे मला कोणी दाखवून देण्याआधी मीच सांगून टाकतो. माळेच्या नियमांत तंबाखू नाही, म्हणून ती राहते. यावरून नियमाची ताकदच दिसते.)

मनाचा दोष किती, शरीराचा किती?

काही जणांचे दोन्ही आकडे चांगले असतात, कारणही स्वतःचे असते, तरी तिसऱ्या दिवशी गाडी घसरते. इथे मनाचे माप पुरत नाही, शरीराचे घ्यावे लागते. तंबाखूतील निकोटीन शरीराला आपली सवय लावते. ही पकड किती घट्ट आहे हे ओळखण्यासाठी स्वीडनच्या कार्ल फागरस्ट्रॉम यांनी १९७८ साली एक प्रश्नावली तयार केली. १९९१ मध्ये ती सुधारली गेली आणि तीत सहा प्रश्न राहिले. ती सिगारेट ओढणाऱ्यांसाठी असली तरी तिच्यातला सर्वांत बोलका प्रश्न खाणाऱ्यांनाही विचारता येतो. सकाळी डोळा उघडल्यापासून पहिली तंबाखू किती वेळाने घेता? पाच मिनिटांच्या आत असेल तर पकड फार घट्ट, अर्ध्या तासाच्या आत असेल तरी बरीच, तासाभराने किंवा त्यानंतर असेल तर सैल. ज्या बाया चुलीपाशी बसल्या-बसल्या पहिल्यांदा मशेरी भाजून घेतात, त्यांची इच्छाशक्ती तोलत बसण्याआधी हे माप घ्यावे.

अशी घट्ट पकड असलेल्याने एकदम सोडली की चिडचिड, बेचैनी, झोप उडणे, कामात लक्ष न लागणे, भूक वाढणे, शौचाला साफ न होणे असे त्रास पहिल्या दिवसापासूनच सुरू होतात. पहिल्या आठवड्यात ते सर्वांत जास्त असतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. एक आजी मला म्हणाल्या होत्या, "लेकरा, मशेरी नाही लावली तर पोट साफ होत नाही आणि सुनेवर उगाच ओरडते मी." त्यांना हे ठाऊक नव्हते, की हे दिवस मोजके असतात. त्यांना वाटत होते आता जन्मभर असेच. महिनाभराची मुदत आहे असे कळल्यावर त्यांचा भरवसा तीनावरून सहावर गेला; मी गरजेबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. सकाळी गरम पाणी, जेवणात भाजी जास्त आणि सुनेला आधीच कल्पना देऊन ठेवणे, एवढेच औषध होते. तलफेची एकेक लाट काही मिनिटांतच ओसरते, हेही अनेकांना माहीत नसते. तेवढी मिनिटे हाताला आणि तोंडाला दुसरे काम द्यावे. बडीशेप किंवा लवंग चालेल, सुपारी नको. नुसती सुपारीही तोंड आखडण्याच्या रोगाला कारणीभूत होते.

बोललेले किती, केलेले किती?

अमेरिकेतील प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या दोघांनी आपल्या आपण सिगारेट सोडू पाहणाऱ्या ८७२ जणांचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध केला. बदल ही एका क्षणाची घटना नसून त्याला टप्पे असतात, असे त्यांनी मांडले. मनातच नाही, मनात घोळते आहे, तयारी चालू आहे, सोडली आहे, सोडलेली टिकवतो आहे, असे ते टप्पे. आपला टप्पा ओळखायचा तर गेल्या सात दिवसांत यासाठी मी प्रत्यक्ष काय केले, असे स्वतःला विचारावे. दिवसाच्या पुड्या मोजल्या का? चुन्याची डबी टाकून दिली का? घरात कोणाला तारीख सांगितली का? एकही गोष्ट नसेल तर "सोडायचीच आहे" हे अजून घोळणे आहे, तयारी नव्हे. घोळण्यात वाईट काही नाही. फक्त त्याला तयारी समजू नये.

मात्र हे टप्पे जिन्याच्या पायऱ्यांसारखे ओळीने चढावे लागतात असेही समजू नका. इंग्लंडमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सिगारेट सोडण्याचे जवळजवळ निम्मे प्रयत्न कसलीही पूर्वतयारी न करता, अचानक केलेले निघाले. आणि असे अचानक केलेले प्रयत्न आखून केलेल्यांपेक्षा जास्त टिकलेले दिसले. शेजाऱ्याच्या मातीला जाऊन आलेला माणूस स्मशानातून परतताना पुडी ओढ्यात फेकतो, तो हाच प्रकार. तेव्हा ज्याच्या मनात आज या क्षणी आले असेल, त्याने तारखेची आणि मुहूर्ताची वाट बघत बसू नये.

ज्यांना आखणी करायची आहे त्यांनी ती नेमकी करावी. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी १९९९ साली दाखवून दिले, की "मी अमुक करीन" या नुसत्या संकल्पापेक्षा "अमुक झाले की मी तमुक करीन" असा बांधलेला संकल्प जास्त पार पडतो. "मी तंबाखू कमी करीन" हे ढगासारखे आहे. "जेवण झाले की मी ताबडतोब दात घासीन" याला वेळ आहे, जागा आहे, कृती आहे. कंडक्टरांचा नळ हा याच जातीचा. चालण्याच्या बाबतीतही "रोज फिरायला जाईन" यापेक्षा "दूधवाला येऊन गेला की चपला घालीन" हे बरे.

एकवीस दिवसांत सवय लागते, असे कुठेकुठे वाचायला मिळते. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० सालच्या पुस्तकात चेहऱ्यावरील शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना नव्या रूपाची सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात असे लिहिले होते. पुढे ती गोष्ट सगळ्याच सवयींना चिकटवली गेली. लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज फळ खाणे, पाणी पिणे, व्यायाम करणे अशी नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. हे मुद्दाम सांगतो, कारण बाविसाव्या दिवशी तलफ आली की लोक हात टेकतात. याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, असेही दिसले.

चूक झाल्यावर मोजायचे ते भरवशाचे माप. लग्नाच्या पंगतीनंतर एक बार लावला गेला, तर गरजेचा आकडा सहसा उतरत नाही. भरवसा मात्र सातावरून तिनावर येतो. "गेलं सगळं पाण्यात" असे म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी पूर्ववत सुरू करतो. एका चिमटीने शरीराचे जेवढे बिघडत नाही, तेवढे या वाक्याने बिघडते. तेव्हा घरच्यांनी त्या दिवशी "बघा, मी म्हटलं नव्हतं?" एवढे म्हणायचे टाळले तरी पुष्कळ मदत झाली. किती दिवस न घेता गेले ते कॅलेंडरवर दाखवावे. कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकोनात एक फुली मारली तरी चालते. पैशाचाही हिशेब लिहावा. समजा पुडी दहा रुपयांची आणि दिवसाला तीन, तर वर्षाला दहा हजार नऊशे पन्नास रुपये होतात. हा आकडा बघून गरजेचे माप वर गेलेले शेतकरी मी पाहिले आहेत.

हे माप दर पंधरा दिवसांनी घ्यावे, आणि दुसऱ्याचे घेण्याआधी एकदा स्वतःचे घ्यावे. नवऱ्याच्या तंबाखूला मार्क मागणाऱ्या गृहिणीने स्वतःच्या फिरायला जाण्याला किती मार्क मिळतात हे बघितले, की तिचा आवाज आपोआप खाली येतो.

शेवटी काही कामाच्या गोष्टी. सप्टेंबर २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटांवर १८००-११-२३५६ हा फोन नंबर छापलेला असतो. तो सरकारी असून त्यावर पैसे पडत नाहीत. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्याशी तिथले समुपदेशक बोलतात. ज्यांची गरज मोठी आणि भरवसा कमी आहे त्यांनी तो जरूर फिरवावा. शरीराची पकड घट्ट असणाऱ्यांसाठी निकोटीनचा च्युइंगगम दोन आणि चार मिलिग्रॅममध्ये मिळतो. तो नेहमीच्या च्युइंगगमसारखा चघळत राहायचा नसतो. थोडा चावून, तोंडात चुरचुरले की गालात धरून ठेवायचा, आणि त्याच्यावर लगेच चहा प्यायचा नाही. हृदयविकाराच्या रुग्णांनी आणि गर्भवती स्त्रियांनी तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गोळ्यांचेही उपचार आहेत, पण ते आपल्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

आणि ज्यांच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा आहे, दोन आठवड्यांहून जास्त दिवस न भरलेली जखम आहे, तिखट सोसत नाही किंवा स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जात नाहीत, त्यांनी मार्कांचा हिशेब नंतर करावा. आधी तोंड दाखवून घ्यावे. त्या किराणा दुकानदारांना मी त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागाकडे चिठ्ठी देऊन पाठवले होते. गालाच्या आतला पांढरा चट्टा वेळेवर निघाला. तीन महिन्यांनी ते तपासणीला आले तेव्हा मी पुन्हा आकडा विचारला. गरज दहा, म्हणाले. भरवसा विचारल्यावर मात्र नऊ होता तो सहावर आला होता, कारण तोवर त्यांनी खरोखर सोडायला सुरुवात केली होती.